बीहच्या दक्षिण तीरावर

डिसेंबर लागला की मी डोंगराकडे बघायला लागते. आता नाशिकला राहते. खिडकीतून पांडवलेण्यांचा डोंगर दिसतो आणि तो बिचारा हिवाळाभर कोरडाठाक, शहाण्यासारखा उभा असतो. त्याच्या माथ्यावर ढग आला काय नि न आला काय, कुणाला फिकीर नाही. मला मात्र राहवत नाही. चहाचा कप हातात धरून मी त्या डोंगरामागे दुसरेच डोंगर शोधते. तपकिरी, उघडेबोडके, अंगावर गवताची काडी नसलेले. त्यांच्यावर ढग चढला की आमचं अख्खं गाव वेडं व्हायचं.

आज सकाळी मुक्ताचा फोन आला. मुक्ता माझी लेक. अबू धाबीत अल रीम आयलंडवरच्या एका उंच इमारतीत राहते, तिथूनच ऑफिस गाठते. "आई, क्लाउड्स ओव्हर द माउंटन्स. आय ॲम ड्रायव्हिंग अप," एवढं बोलून तिनं फोन ठेवला. अबू धाबीहून रास अल खैमा म्हणजे चांगला अडीच-तीन तासांचा रस्ता, त्यात कामाचा दिवस. रजा कशी मिळाली, साहेबाला काय सांगितलंस, असं एखाद्या आईनं विचारलं असतं. मला सुचलंच नाही. गॅसवरचं दूध उतू गेलं ते गेलंच.

नव्वदचं दशक तेव्हा अर्धं सरलं होतं. दुबईची आमची मंडळी रास अल खैमाला 'तुमचं खेडं' म्हणायची आणि आम्हाला राग येण्याऐवजी बरं वाटायचं. खेडं तर खेडं. पूर्वेला डोंगर इतके जवळ की सकाळी ऊन उशिरा यायचं, पश्चिमेला समुद्र, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत सगळा संसार. समुद्राचा एक फाटा गावात शिरलेला, त्याला म्हणायचं खोर. खोराच्या एका अंगाला जुनं शहर, किल्ला, मासळीबाजार. दुसऱ्या अंगाला आम्ही, नखीलमध्ये. नखील म्हणजे खजुराची झाडं, आणि ती खरोखरच होती. दुकानांच्या मागच्या गल्लीतून दोन वळणं घेतली की मातीच्या भिंतीआड खजुराची बाग लागायची आणि आत गाय हंबरायची. वाळवंटात गाय हंबरते हे मी आईला फोनवर सांगितलं तेव्हा तिला ते अजिबात खरं वाटलं नव्हतं.

आईचा एकच प्रश्न असायचा. "गावाला नदी आहे का गं?"

माझं माहेर जुन्या नाशकातलं. गोदावरी आमच्या दारात नाही, पण हाकेच्या अंतरावर. आईचं सगळं शास्त्र नदीवरून चालायचं. लेक द्यावी तर नदीकाठच्या गावी, हे तिचं ठाम मत. नदी असलेल्या गावात माणूस उपाशी मरत नाही, असं ती म्हणायची. श्रीकांतला रास अल खैमाच्या सिमेंट कारखान्यात नोकरी लागली आणि मी त्याच्यामागे गेले, तेव्हा तिनं पगार विचारला नाही, घर विचारलं नाही, नदी विचारली. मी दरवेळी सांगायची, "खोर आहे ना." ती म्हणायची, "ते खारं. खाऱ्याला नदी म्हणत नाहीत." मुक्ताच्या वेळी माझं जरा अवघड झालं होतं. तेव्हा आईनं नवस बोलला, सगळं सुखरूप होऊ दे, लेकीच्या तिकडच्या घरी सत्यनारायण घालीन. सगळं सुखरूप झालं. आईला मात्र यायला जमलं नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता मुक्ता दुसरीत गेली आणि त्या श्रावणात आई गेली.

म्हणून त्या डिसेंबरात अण्णा आले. एकटे, तीन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर, बॅगेत आईची पोथी, चांदीचा बाळकृष्ण आणि तांब्याचा कलश घेऊन. माझे वडील पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर कालव्याच्या कडेनं सायकल मारली. तिचा शब्द होता, तो पुरा करायचा आणि परत जायचं, एवढंच त्यांनी विमानतळावर सांगितलं. गावात भटजी नव्हते, त्यामुळे अण्णा पोथी वाचणार आणि आम्ही दोघं पूजेला बसणार, असं ठरलं. सोपी गोष्ट होती. आठ दिवसांत उरकली असती.

घोटाळा झाला तो कॅसेटमुळे. आम्ही घरच्या गणपतीला दरवर्षी पुण्याहून आणलेली कॅसेट लावायचो. तीत कुणी गुरुजी सावकाश आवाजात "आता आचमन करा" म्हणायचे, मग थांबायचे, आणि श्रीकांत घाईघाईनं पळी शोधायचा. तालीम म्हणून मी ती अण्णांना ऐकवली. संकल्पापर्यंत सगळं ठीक चाललं. संकल्पात देश, काल, आपण कुठे बसलोय ते देवाला सांगायचं असतं. गुरुजी म्हणाले, "गोदावर्याः दक्षिणे तीरे." अण्णांनी बटण दाबलं.

"सुमा, हे तुम्ही इथं म्हणता?"

मी म्हटलं, हो, सगळेच म्हणतात. शारजात म्हणतात, दुबईत म्हणतात, कुणी कृष्णेचं नाव घेतं कुणी गोदेचं, ज्याची जशी कॅसेट. अण्णा म्हणाले, "अगं, संकल्प म्हणजे देवाला पत्ता. तिच्या नवसाच्या पूजेवर पत्ता नाशिकचा घातला तर ती पूजा नाशिकच्या घरी पोचेल. तुझ्या घरी नाही."

मी हसले. ते हसले नाहीत. डोळे पाणावले होते त्यांचे. गोदेचं नाव घेतलं की त्यांना रामकुंड दिसत होतं आणि आईची रक्षा दिसत होती, हे मला कळायला हवं होतं. इथं ते नाव त्यांना नकोच होतं. त्यांना इथली नदी हवी होती. आणि इथं नदी नव्हती. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

मग आमची नदी शोधायची मोहीम सुरू झाली, आणि खरं सांगते, त्या हिवाळ्याइतकी मजा मी पुढं कधी केली नाही. आठ वर्षं ज्या गावात राहिले ते गाव मी अण्णांच्या मागे हिंडून बघितलं. आधी खोर. पुलावर उभं राहून अण्णांनी पाण्यात बोट बुडवायची इच्छा दाखवली. आम्ही खाली उतरलो, त्यांनी बोट चाटलं आणि निकाल दिला, खारं. मग पलीकडे लाकडी बोटी बांधायचं अंगण होतं तिथं गेलो. बोटीच्या बरगड्या उन्हात उघड्या पडलेल्या, आणि लाकडाचा वास असा की अण्णांनी फळीवर हात ठेवूनच सांगितलं, हे सागवान आहे. होतंच. मलबारचं. परदेशात आपल्याकडचं लाकूड भेटलं म्हणून ते त्या बोटीभोवती दोनदा फिरले.

मग खत्त गावचा गरम झरा. अण्णा म्हणाले, झरा म्हणजे नदी नव्हे. मग दिगदागा गावच्या बागा. तिथं टोमॅटो होते, पालक होता, चक्क आंब्याची झाडं होती. अण्णा चक्रावून गेले. नदी नाही, कालवा नाही, मग हे हिरवं कशावर? विहिरीवर, असं उत्तर मिळालं. विहिरीत कुठून? श्रीकांत गाडी चालवता चालवता म्हणाला, "अण्णा, नळाला समुद्राचं गोडं केलेलं पाणी येतं. आपण असं म्हणू, डिसॅलिनेशन प्लँटच्या दक्षिण तीरावर." अण्णा चार दिवस जावयाशी बोलले नाहीत.

आणि मुक्ता. तिला पहिल्या दिवशीच उत्तर ठाऊक होतं. "से वादी बीह, आजोबा. इट्स अ रिव्हर. इट जस्ट कम्स समटाइम्स." वादी म्हणजे डोंगरातली कोरडी घळ. सगळ्यात मोठी बीह, आमच्या घरापासून गाडीनं थोड्याच अंतरावर. आम्ही गेलो. नजर पोचेल तिथवर पांढरे गोटे, मधे काटेरी झाडं, शेळ्या. आणि तिच्यावर धरण! कोरड्याठाक गोट्यांवर भक्कम बांधलेलं धरण. अण्णा पोट धरून हसले. आई गेल्यानंतर ते पहिल्यांदा तसे हसले असतील. "नदी नाही आणि धरण आहे. श्रीकांतराव, आमच्या खात्यातसुद्धा असं कुणाला सुचलं नाही." मुक्ता पुन्हा म्हणाली की ती येते. अण्णा म्हणाले, "नदी म्हणजे काय पाहुणी आहे, यायला नि जायला?"

आमचे घरमालक शेजारीच राहायचे, अबू राशिद. साठीच्या पुढचे, सुकलेल्या खजुरासारखे काटक. त्यांच्या आजोबांनी मोत्यांसाठी समुद्रात बुड्या मारलेल्या. मुक्ता म्हणजे मोती हे कळल्यापासून आमच्या पोरीला त्यांच्या घरी सगळं माफ होतं. मोत्यांचा धंदा बुडाला, गावात खायची भ्रांत पडली, तेव्हा हे तरुणपणी कुवेतला मजुरीला गेले. त्याआधी खजुराच्या बोटीवरून मुंबईही करून आले होते, त्यामुळे हिंदी अस्सल मुंबईची. अण्णांना ते एकदा म्हणाले, "बाबूजी, हम भी तुम्हारे दामाद के माफिक परदेस कमाने को गया था. तब इधर कुछ नहीं था." तेल निघालं ते दुसऱ्या अमिरातींत. यांच्या वाट्याला आले डोंगर. मग डोंगरच फोडायचे, खडी करायची, सिमेंट करायचं, बोटीत भरायचं आणि दुसऱ्यांची शहरं उभी करायला पाठवायचं. श्रीकांत घरी यायचा तो पांढऱ्या भुवया घेऊन. त्या भुवयांवर आमचं घर चालायचं.

दोघं म्हातारे संध्याकाळी दारात खुर्च्या टाकून बसायचे. एक कहवा प्यायचा, एक चहा. अबू राशिदना अण्णांची अडचण कळायला वेळ लागला नाही. नमाजाला दिशा लागते, तुमच्या पूजेला पाणी लागतं, असं त्यांनी स्वतःपुरतं बसवून घेतलं. "वादी आयेगा," ते म्हणाले. "बारिश का साल है. इन्शाल्ला, तुम देखके जायेगा."

जानेवारीत पाऊस आला. अहाहा, काय आला! गावाला गटारं नाहीत, अर्ध्या तासात रस्त्याचं तळं. शेजारची बायकापोरं नटूनथटून गाडीत बसली आणि सगळ्या गाड्या डोंगराकडे निघाल्या. आम्ही काय केलं? खिडक्या लावल्या. दोरीवरचे कपडे आत घेतले. गळतंय तिथं बादली ठेवली, आणि कांदा चिरायला घेतला. भजी खाऊन, चहा पिऊन, पाऊस पूर्ण थांबला याची खात्री करून दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वादी बघायला गेलो.

हसू नका. आमच्या नाशकात पूर असाच बघतात. पाणी दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागलं, मग कमरेला, मग छातीला, अशा बातम्या घरी येत राहतात. माणूस जेवतो, वामकुक्षी घेतो आणि मग छत्री घेऊन निघतो. पूर तुमची वाट बघतो. वादीत आम्हाला दिसले ओले गोटे, चाकांच्या खुणा आणि लोकांनी बसून खाल्लेल्या संत्र्यांची सालं. एका खळग्यात वाटीभर गढूळ पाणी होतं, ते शेळी पीत होती. अण्णा त्या शेळीकडे बघत राहिले.

अबू राशिदनी कपाळाला हात लावला. पाऊस बघायचा नसतो, डोंगर बघायचा असतो, हे त्यांनी आम्हाला लहान मुलांसारखं समजावलं. ढग तिकडे फुटतो, पाणी इकडे येतं, तेव्हा गावात लख्ख ऊन असतं. आणि येतं ते दोन-चार घटका राहतं, मग वाळू पिऊन टाकते. ज्याला बघायचं त्यानं हातातलं टाकून पळायचं. अण्णांना त्यातलं एकच भावलं. पाणी वाळू पिते, म्हणजे ते खाली विहिरींना जातं. धरण पाणी साठवायला नाहीच, थोपवून जिरवायला आहे. त्या दिवसापासून ते धरणाला हसले नाहीत. पण न बघितलेल्या नदीचं नाव मी देवापुढं घेणार नाही, हे मात्र कायम.

फेब्रुवारीत पुन्हा एकदा ढग आले. या वेळी आम्ही पळालो, पण पाऊस भलत्याच डोंगरावर पडला आणि दुसरीच वादी वाहिली. अण्णांचं परतीचं तिकीट जवळ आलं. दिवसभर ते टेरेसवर उभे राहून डोंगराकडे बघायचे आणि मुक्ता शाळेतून आली की तिला विचारायचे, काय म्हणते तुझी पाहुणी? "नॉट टुडे, आजोबा." निघायच्या दोन दिवस आधी अण्णांनी मला बोलावलं आणि म्हणाले, उद्या पूजा करून टाकू. पत्ता काय घालायचा ते बसल्यावर बघू. मी स्वयंपाकघरात जाऊन रवा निवडत बसले. निवडलेलाच रवा पुन्हा निवडला.

पूजेची सकाळ. बाहेर कोवळं ऊन, आभाळ धुतल्यासारखं निळं. दिगदागाहून केळीचे खुंट आले होते, चौरंगाला बांधले. शिरा झाला, घरभर वेलदोड्याचा वास. मी आईची जुनी पैठणी नेसले, श्रीकांतनं लग्नातला कद काढला, अण्णा त्यांच्या कदात, खांद्यावर उपरणं. मुक्ता परकर-पोलक्यात, शाळा बुडाल्याच्या आनंदात. कलशात नळाचं पाणी भरून ठेवलेलं. आम्ही आचमन केलं. श्रीकांतनं हातात अक्षता घेतल्या, मी त्याच्या हाताला हात लावला. अण्णांनी पोथी उघडली, पण बघितली नाही. "जंबुद्वीपे" म्हणाले, आणि थांबले. त्यांचे ओठ हलले. गोदेचं नाव तोंडाशी आलं होतं, ते मला स्पष्ट दिसलं.

तेवढ्यात बाहेर हॉर्न. एकदा, दोनदा, मग थांबेचना.

मुक्ता खिडकीकडे धावली. खाली अबू राशिद त्यांच्या मोठ्या जीपच्या दारात एक पाय आत, एक बाहेर ठेवून उभे होते आणि डोंगराकडे हात करत होते. निळ्या आभाळाखाली फक्त डोंगरांवर शाईसारखं काळं काही ओतलं होतं. "यल्ला, बाबूजी! वादी आया!"

पूजेवरून असं उठतात का? मी अण्णांकडे बघितलं. पाटबंधारे खात्यातला तो म्हातारा माणूस पाटावरून उडी मारल्यासारखा उठला. "संकल्प झालेला नाही," ते म्हणाले. "उठायला हरकत नाही." कलशातलं नळाचं पाणी त्यांनी केळीच्या बुंध्यात ओतलं आणि रिकामा कलश घेऊन अनवाणी जिना उतरले. मी शिरा झाकला की नाही, मला आजही आठवत नाही.

जीपमध्ये आम्ही चौघं, सगळे रेशमात. शेजारून पिकअप धावत होत्या, पाठीमागे कामगार उभे, कुणी पठाण, कुणी केरळचे, कुणी आमचे रत्नागिरीचे, सगळे ओरडत होते. आमच्या कदांकडे बघून एका पिकअपमधल्यांनी टाळ्या वाजवल्या. श्रीकांत, जो कधी लुंगीवर बाल्कनीतही गेला नाही, तो खिडकीतून हात हलवत होता! रस्त्यात ऊन होतं. काचेवर एक थेंब नव्हता. धरणाच्या वरच्या अंगाला चढावर गाड्यांची रांग लागली होती, बायका मुलांना कडेवर घेऊन उभ्या, आणि खाली तेच पांढरे गोटे, कोरडे. अण्णांचा चेहरा उतरला. पुन्हा चुकलं, असं त्यांना वाटलं असणार. अबू राशिदनी त्यांच्या दंडाला धरलं आणि कान दाखवला. ऐक.

आधी आवाज आला. पाण्याचा नाही, दगडांचा. डोंगराच्या पोटात कुणी गोट्यांची पोती ओतावी तसा. मग वळणावरून ती आली. मी पूर पाहिलेत, पण नदीचं पहिलं पाऊल मी कधी पाहिलं नव्हतं. गढूळ पाण्याची जीभ, पुढं वाळका पाला, काटक्या, फेस ढकलत, चाचपडत, कोरड्या गोट्यांतून वाट काढत येत होती. क्षणभर खळग्यापाशी थांबली, खळगा भरला, पुढं निघाली. तिच्यामागे उंच, तपकिरी, गर्जत बाकीची नदी. बायकांनी जिभा हलवून तो त्यांचा आनंदाचा चीत्कार काढला, माझ्या अंगावर सर्रकन काटा आला, आणि मला कळायच्या आत मी पैठणीतल्या पैठणीत उड्या मारत होते. मुक्ता ओरडत होती, "आय टोल्ड यू, आजोबा! आय टोल्ड यू!"

अण्णा रडत होते. उघड, तोंड न लपवता. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात, पण त्यांनी अबू राशिदना विचारलं, हिचा उगम कुठे. अबू राशिद डोंगराकडे बोट दाखवून म्हणाले, उधर पीछे, और ऊपर अल्ला को मालूम. मग अण्णांनी दुसरा प्रश्न विचारला. आपलं नखील हिच्या कुठल्या बाजूला? अबू राशिदनी सूर्य बघितला, डोंगर बघितला, हात पसरला. दक्षिणेला.

"दक्षिण तीर," अण्णा म्हणाले. "सुमा, इथंही आपण दक्षिण तीरावरच."

पाण्याजवळ जायला अबू राशिदनी कुणाला दिलं नाही. वादी माणसं नेते, ते त्यांनी पाहिलेलं होतं. कडेच्या एका सखल जागी पाणी पसरून शांत झालं, तेव्हा ते स्वतः वाकले आणि मग थांबले. कलशाला हात लावू का, असं त्यांनी डोळ्यांनी विचारलं. अण्णांनी कलश त्यांच्या हातात दिला. अबू राशिदनी तो बीहच्या पाण्यानं भरून त्यांना परत केला. चहासारखं पाणी, वर एक काटकी तरंगत होती. घरी येईपर्यंत अण्णांनी तो कलश मांडीवर दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.

घरी शिरा गार झाला होता. चौरंगावर एक मुंगी फिरत होती. आम्ही चिखलानं माखलेले पाय धुऊन पुन्हा बसलो. अण्णांनी संकल्प सांगितला. आवाज खणखणीत. "बीहनद्याः दक्षिणे तीरे." आम्ही त्यांच्यामागून म्हटलं आणि कोपऱ्यातून मुक्तानंही म्हटलं, अगदी स्वच्छ. मग पोथीत नसलेलं एक वाक्य अण्णा मराठीत बोलले. "कुसुम, तुझ्या लेकीच्या गावाला नदी आहे."

संध्याकाळी अबू राशिद प्रसादाला आले. शिरा दोनदा मागून घेतला. दुसऱ्या दिवशी अण्णा नाशिकला परतले. कलश त्यांनी माझ्याकडे ठेवला. पाणी आम्ही केळीच्या खुंटांना घातलं होतं आणि ते खुंट अबू राशिदच्या अंगणात लावले. अण्णा आम्हाला भेटायला पुन्हा आले नाहीत, त्यांचं वय झालं. पण दर हिवाळ्यात फोनवर पहिला प्रश्न त्यांचा, "बीह आली का?" नव्या शतकाच्या पहिल्या वर्षांत पाऊस रुसला होता तेव्हा ते इतके हळहळायचे की शेजारी विचारायचे, कोण हो बीह, नात का? गोदेवरचं धरण भरलं की नाही याची त्यांना तेवढी काळजी नव्हती. ते गेले त्या वर्षी बीह आलीच नाही. मला त्याचं फार वाईट वाटलं होतं.

आम्ही परत येऊन पुष्कळ वर्षं झाली. मुक्तानं मात्र तिथंच नोकरी धरली. तिच्या घरी आता गणपती बसतो, कॅसेट नाही, फोनवर गुरुजी दिसतात. पहिल्याच वर्षी गुरुजी गोदेचं नाव घेणार तेवढ्यात तिनं त्यांना थांबवलं होतं, असं जावयानं हसत हसत सांगितलं. गुरुजींनी बिचाऱ्यांनी तीनदा विचारलं, कुठली नदी म्हणालात?

आज दुपारी पुन्हा फोन वाजला. मी वाटच बघत होते. पलीकडून ती बोललीच नाही. वारा होता, माणसांचा गलका होता, आणि त्याखालून, दुरून, दगडांचा तो आवाज. डोंगराच्या पोटात कुणी गोट्यांची पोती ओतत होतं. मी फोन कानाला गच्च धरला. पाणी आलं ते मला कळलं, कारण बायकांचा चीत्कार उठला. इथं नाशकात, भर दुपारी, माझ्या अंगावर काटा आला.

मी अण्णांनी विचारलं असतं तेच विचारलं. म्हटलं, कुठल्या तीरावर उभी आहेस गं?

"साऊथ बँक, आई," मुक्ता म्हणाली. "आपल्या."